मिळण्याआधी मानलेले आभार

माझ्या बायकोला नवी किडनी दिल्याबद्दल आमच्या चर्चच्या मंडळीने एका रविवारी देवाचे आभार मानले. छापील कागदावरून, उभे राहून, एका सुरात. त्या वेळी ती किडनी पुण्यात दुसऱ्याच एका माणसाच्या पोटात होती आणि माझी बायको तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसली होती. आदल्या दिवशीच डायलिसिस झालेले. डाव्या हातावरची पट्टी अजून तशीच होती. तिने तो कागद दोनदा वाचला आणि मला हळूच विचारले, "आवं, ही मीच न्हवं?"

"नाव तर तुझंच आहे," मी म्हणालो.

मला राग पटकन येतो आणि पटकन जातो, असे माझे विद्यार्थी सांगायचे. हा राग मात्र गेलेला नाही. म्हणून लिहीत आहे.

आमचे देऊळ पलूसजवळ, उसाच्या रानांना लागून आहे. आम्ही जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. दर रविवारी उपासनेचा एक कागद निघतो. त्याच्या मागच्या बाजूला दोन रकाने असतात. डावीकडे विनंत्या, उजवीकडे उपकारस्तुती, म्हणजे पुऱ्या झालेल्या विनंत्यांचे आभार. मंडळीचे चिटणीस एकेक विनंती नावासकट वाचतात आणि आम्ही सगळे "प्रभू, ऐक" म्हणतो. पोरगा भरतीत निघावा, प्रभू, ऐक. बोअरला पाणी लागावे, प्रभू, ऐक. विनंती पुरी झाली की ते नाव पुढच्या रविवारी उजवीकडे जाते. डाव्या रकान्यात माणूस सहसा फार दिवस राहत नाही. काम होते, नाहीतर माणूस जातो. माझी बायको तिथे सहा वर्षे होती.

आमच्याकडची एक पद्धत बाहेरच्याला कळणार नाही. आजाऱ्याचे नाव वाचून झाले की कोणीतरी बाई जागेवरूनच हात वर करते. म्हणजे या आठवड्याची पाळी तिची. बायकोला मंगळवारी आणि शनिवारी सांगलीला न्यावे लागते. मंगळवारी मी जातो. शनिवारी कोणीतरी बाई जायची. एसटीत शेजारी बसायची, मशीन चालू असताना चार तास खुर्ची टाकून गप्पा मारायची, सासवांच्या तक्रारी करायची. सहा वर्षांत हे कोणी कुठे लिहून ठेवले नाही. नाव वाचायचे, हात वर व्हायचा. आमच्या मंडळीत मला खात्रीने ख्रिस्ती वाटणारी जी दोन-चार कामे होतात, त्यांतले हे एक.

माझी किडनी चालत नाही, मला साखर आहे. तिच्या भावाचा रक्तगट जुळला नाही. म्हणून पुण्याच्या यादीत नाव घातले आणि वाट पाहू लागलो. वाट पाहणे म्हणजे काय, तर दिवसाला एक बाटली पाणी, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. देवळात प्रभुभोजनाला मिळणारा घोटभर द्राक्षरससुद्धा ती त्यात धरते. बटाटा चिरून तासभर पाण्यात ठेवायचा आणि ते पाणी फेकून द्यायचे, म्हणजे त्यातले क्षार निघतात. चवही निघते.

एका गुरुवारी सकाळी अकराला ती बटाटे भिजत घालत होती आणि फोन आला. तीनपर्यंत पोहोचा, एक किडनी मिळण्यासारखी आहे, पण तुमचा नंबर दुसरा आहे. पहिल्याच्या तपासण्या बसल्या नाहीत तर तुम्ही. शेजाऱ्याची गाडी काढली. उंब्रजला ट्रकांच्या मागे अडकलो तेव्हा मी चिटणिसांना फोन केला. ते फौजेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना सुभेदार म्हणतात. मी म्हणालो, "पुण्याला बोलावलंय. नंबर दुसरा आहे. प्रार्थना करा." त्यांनी पहिले वाक्य ऐकले. फौजेत बोलावणे आले म्हणजे नेमणूक झालीच. आम्ही साताऱ्याला पोहोचायच्या आत मंडळीच्या ग्रुपवर किडनी मिळाल्याचा मेसेज पडला होता, खाली हात जोडल्याची तीस-चाळीस चित्रे.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की पहिल्या पेशंटचे सगळे जुळले, तुम्ही जाऊ शकता. बायकोने विचारले, "कुठला हो त्यो?"

"ते सांगता येत नाही आम्हाला."

"नको सांगू. पोराबाळांचा हाय न्हवं?"

त्या बाईंनी मान डोलावली. बायको म्हणाली, "मग बरं झालं." मला तिचाही राग आला. मी बाहेर जाऊन गाड्यांच्या रांगेत उभा राहिलो आणि देवाशी जे बोललो ते उपासनेच्या कागदावर छापता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी मी सुभेदारांना स्वतः सांगितले, मिळाली नाही. ते "अरेरे" म्हणाले. आणि रविवारी नाव उजव्या रकान्यात.

उपासना संपल्यावर मी त्यांना दारातच गाठले.

"साहेब, तुम्हाला मी परवा सांगितलं होतं."

"व्हय, सांगितलंसा. पर ही विश्वासाची गोष्ट हाय गुरुजी. मिळायच्या आधीच आभार मानायचं. त्यालाच विश्वास म्हनत्यात."

"फौजेत तुम्ही शत्रू पळायच्या आधीच गुलाल उधळत होता का?"

"आता तुमी भांडायलाच आलासा तर काय बोलायचं."

तेवढ्यात आमचे तरुण पाळक, म्हणजे पाद्री, आले. चांगला मुलगा आहे, कोणालाही दुखवत नाही, त्यामुळे कोणाच्याही उपयोगी पडत नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावले की मंडळीचा शतकोत्तर रौप्यमहोत्सव तीन आठवड्यांवर आला आहे. स्मरणिका सांगलीला छापायला गेली आहे. तिच्यात 'ऐकलेल्या प्रार्थना' असे एक पान आहे आणि त्यावर माझ्या बायकोचा फोटो आहे. "सर, आता पान बदलणं अवघड आहे. तेवढा महोत्सव होऊ द्या."

म्हणजे पान बदलणे अवघड होते, त्यामानाने किडनी बदलणे सोपे.

सोमवारी बायकोची मावशी कोयनानगरहून आली. सत्तरी ओलांडलेली बाई, घाट उतरून, दोन एसट्या बदलून, हातात पेढ्यांचा पुडा. दारातूनच म्हणाली, "दाव बघू टाके."

"टाके न्हाईत मावशी."

"आता बिनटाक्याचं बी करत्यात व्हय?"

"आगं, किडनीच न्हाई मिळाली."

मावशी पुडा मांडीवर घेऊन बसली. "मग त्यो मेसेज? आमच्या नातीनं वाचून दाखवला की."

"देवाच्या आधी ग्रुपला कळलं," मी म्हणालो.

मावशीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बायकोला म्हणाली, "आमच्याकडं जमीन हालती, तवा माणसं भाईर पळत्यात. हालायच्या आधी कुणी पळत न्हाई. ह्यांस्नी कुणी शिकिवलं ह्ये?" पेढे बायकोला चालत नाहीत. मावशीला चालतात, पण तिनेही खाल्ले नाहीत. जाताना पुडा परत घेऊन गेली. कशाबद्दल वाटायचे, म्हणाली.

पुढच्या रविवारी नाव डावीकडेही नव्हते आणि उजवीकडेही नव्हते. उजवीकडे माणूस एकदाच जातो, मग त्याचे काम संपले. नाव वाचले गेले नाही, म्हणून कोणाचा हात वर झाला नाही. मी देवळात सगळ्यांचे चेहरे पाहत होतो. कोणाच्या मनात वाईट नव्हते. निम्म्यांना खरेच वाटत होते की तिचे काम झाले. उरलेल्यांना खरे माहीत होते, पण नाव न वाचता हात वर कसा करायचा हे त्यांना माहीत नव्हते. शनिवारीही मीच गेलो. परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तासगावच्या पुढे आल्यावर म्हणाली, "सहा वरसं दर रविवारी माझं नाव घेऊन माणसं मागत हुती. मिळू न्हाई तर न मिळू, पर मागत हुती. मशीनवर पडलं की मी त्येच आठवायची. आता कुणी मागत न्हाई."

मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "तू मागतेस की."

"एकलीनं मागायला मी काय विहिरीत पडलीया?"

त्याच्या पुढच्या रविवारी ती देवळात गेली नाही. साडी नेसली, केस विंचरले आणि खाटेवर बसून राहिली. "बऱ्या झालेल्या बाईचं तिथं काय काम," म्हणाली. मी घाबरलो. आमच्या घरात देवळाबद्दल कुरकूर करायचे काम माझे. प्रवचन लांबले, गाणे बेसूर झाले, पाहुण्यांचे सत्कार फार झाले, या तक्रारी करत मी चाळीस वर्षे तिच्या मागोमाग जात आलो. माझा विश्वास किती आणि तिच्या पाठीमागे चालायची सवय किती, हे मी कधी तपासून पाहिले नव्हते. त्या सकाळी घंटा झाली, ती उठली नाही, आणि मला एकट्याला जाववेना. एका छापील कागदाने सहा वर्षांच्या आजाराला जमले नव्हते ते केले होते.

महोत्सवाच्या दोन दिवस आधी सुभेदार घरी आले. बायकोला म्हणाले, "ताई, तुमची साक्ष ठेवलीया. पाहुण्यांच्या भाषणाआधी. दोनच मिन्टं. कृपेबद्दल बोला, तपशिलात जाऊ नका."

मी तोंड उघडले. तिने मला हाताने गप्प केले आणि म्हणाली, "येते की."

ते गेल्यावर मी विचारले, "काय बोलणार आहेस?"

"साक्ष द्यायची म्हंजे खरंच बोलाय लागंल की," ती म्हणाली आणि बटाटे चिरायला बसली.

महोत्सवाला देवळासमोर मंडप, रस्त्यावर कमान, कमानीवर फ्लेक्स. फ्लेक्सवर पाहुणे, पाळक, चिटणीस आणि समितीची अकरा माणसे. येशू ख्रिस्त होता, वरच्या कोपऱ्यात, उमेदवाराच्या वर पक्षाचा पुढारी असतो तेवढा. हलगी, फेटे, शाली. एका पाहुण्याला फेटा बांधताना दुसऱ्याचा सुटला, म्हणून पुन्हा टाळ्या. पहिला तास सत्कारांत गेला. ज्या लोकांनी हे देऊळ बांधताना डोक्यावरून दगड वाहिले त्यांचा उल्लेख एका वाक्यात झाला आणि त्या वाक्यातही मंडप-डेकोरेटरचे आभार होते.

मग सुभेदारांनी तिचे नाव पुकारले. "ऐकलेली प्रार्थना, आपल्यासमोर जिवंत."

ती हळूहळू वर गेली. माईक तिच्या तोंडापेक्षा उंच होता, कोणी खाली केला नाही. तिने तो हातात काढून घेतला.

"सलाम मंडळी. मला किडनी मिळाली न्हाई. काल डायलिसिस झालं, मंगळवारी परत हाय. पुण्याला एका बाप्याला मिळाली. त्येच्यासाठी आभार माना, त्ये खरं हाय. माझ्यासाठी मानू नका. मला अजून मागायचं हाय. सहा वरसं मागितलं, अजून मागीन. पर तुमी माझं नाव काढून टाकलंसा. देवानं न्हाई काढलं, तुमी काढलं. त्ये परत घाला."

सुभेदार पुढे झाले. "ताई, वेळ—"

"दोन मिन्टं म्हनलासा. व्हायची हायत." आणि तिथेच, पाहुण्यांकडे पाठ करून, देवळाकडे तोंड करून ती म्हणाली, "प्रभू, मला किडनी दे. मी दमलीया."

प्रमुख पाहुणे फेट्याचा शेमला नीट करत राहिले. असल्या वेळी काय करायचे ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. मग बायकांच्या बाजूने एक घोगरा आवाज आला, "प्रभू, ऐक." मग आणखी दोन-तीन. फार नाही. समितीतला एकही नाही.

जेवणाच्या वेळी पाळक माझ्याकडे येऊन म्हणाले, साक्ष हृदयस्पर्शी होती. मी म्हणालो, हृदय ठीक आहे तिचे, किडनीबद्दल बोलत होती. स्मरणिका वाटली गेली. फोटोत ती छान हसते आहे.

पुढच्या रविवारी नाव डाव्या रकान्यात आले. सगळ्यात खाली, नव्या अर्जदारासारखे, सहा वर्षांची रांग मोडून. मी तिथेच उठणार होतो. तिने माझी बाही धरली. "आलंय न्हवं? बसा."

सुभेदार वाचत गेले. शेवटच्या नावापाशी आले, चष्मा वर केला आणि वाचले. मागच्या बाकावर एका बाईने हात वर केला. लोक म्हणाले, "प्रभू, ऐक." मीही म्हणालो. इतकी वर्षे मी ते नुसतेच ओठ हलवून म्हणायचो. त्या दिवशी मोठ्याने म्हणालो, पुढच्या बाकावरच्यांनी वळून पाहावे इतक्या मोठ्याने, आणि चांगल्या मनाने अजिबात नाही.