रहीमची मेथी

इरफानचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी मेथीच निवडत बसलो होतो. "काका, अब्बू गेले..." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. दोन आठवडे रहीमचं डोकं ठणकत होतं, मान वळत नव्हती. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तो अंगावर काढत राहिला. अकोल्याला भरती केल्यावर डॉक्टरांनी मेंदूला सूज आहे म्हटलं आणि दोन-दोनदा विचारलं, कच्चा भाजीपाला खातात का, शेतात गोगलगायी आहेत का? त्यांच्यातून येणारा जंत असावा, पण खात्रीनं सांगता येत नाही, म्हणाले. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. तो जंत मी फळ्यावर काढून दाखवलेला आहे.

बाळापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावरचे. पुढे त्यानं भाजीचा मळा सांभाळला. मी गेलो की बसायच्या आधी तो वाफ्यातली मेथी खुडायचा, सदऱ्याला पुसायचा आणि पुढे धरायचा. "खा बे, आताच तोडली. तुह्या अमरावतीत अशी भेटते काय?" पावसाळ्यात वाफ्यांवर गोगलगायी चढत. त्या तो उघड्या हातांनी वेचून मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकायचा आणि त्याच हातांनी मेथी खुडायचा. पानावरचा गोगलगायीचा चकाकता ओघळ मला दिसायचा. विहिरीच्या काठावर पाण्याचा मग असायचा... आणि मी तशीच खायचो. तोही खायचा.

याचं कारण जुनं आहे. आमचं घर भिक्षुकीचं. आठवीत असताना रहीम घरी मेथी घेऊन आला. वडिलांनी ती पायरीवर ठेवायला लावली, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि मगच आत घेतली. रहीम बघत उभा होता. तो त्याबद्दल माझ्याशी कधी बोलला नाही, पण मी त्याच दिवशी ठरवलं, याच्या हातचं याच्यासमोर धुवायचं नाही. या निश्चयाचं मला मनातून कौतुकही वाटायचं. वडिलांसारखा नाही हे दाखवण्याच्या नादात, माहीत होतं ते सांगायचंच राहिलं. आता रोज सकाळी उठलो की आधी मान वळवून बघतो.

चाळिसाव्याला बाळापूरला गेलो. शबानावहिनी मळ्यात होत्या. नात अल्फिया वाफ्यात पळाली, दोन डहाळ्या खुडल्या, आजोबांसारख्याच फ्रॉकला पुसल्या. एक माझ्यापुढे धरली, दुसरी तोंडाशी नेली. मी तिचा हात घट्ट धरला. "नको बाळा! कच्ची नको." वहिनींचा चेहरा उतरला. मग मी सगळं सांगितलं... तो ओघळ, ते हात, तो डबा.

"भाऊ, हे तुमाले पयलेपासून मालूम होतं?"

"हो."

"मंग त्याईले कावून नाई सांगतलं?"

मी पायरीची गोष्ट सांगितली.

"ते? ते तं हसून सांगत आमाले. श्रीकांतच्या बापानं माह्या मेथीले न्हाऊ घातलं म्हनत..."

विहिरीच्या काठावर रहीमचा पिवळा मग पालथा पडला होता. वहिनींनी तो भरून माझ्या हातात दिला.

"धुवा तिचे हात. भाजी मी शिजवूनच देईन आता."

मी अल्फियाचे हात धुवत राहिलो. मगातलं पाणी संपलं, तरी मला ते सोडवेनात.