दारातून दिसणारा कॉम्प्युटर

वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात मी डबा उघडत होते तेव्हा फोन आला, सुधाकर भावोजी गेले. माझे थोरले दीर. डबा बंद केला आणि डोंबिवलीला निघाले.

कंपनी बंद पडल्यावर भावोजींनी एसटीडी बूथ टाकला आणि पुढे त्याचाच सायबर कॅफे केला. प्लायवूडचे कप्पे, गिऱ्हाइकाला आडोसा हवा म्हणून प्रत्येकाला फुलाफुलांचा पडदा. स्वतःला काही येत नव्हतं. रोज येणाऱ्या एका कॉलेजातल्या मुलाने त्यांना शिकवलं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची आई इथेच राहते. "काका, माउस हळू धरा, झुरळ नाहीये ते," म्हणायचा. भावोजींचा त्याच्यावर फार जीव.

एकदा त्याला चहा द्यायला त्यांनी पडदा सरकवला, तर समोर स्क्रीनवर प्रेतांचे फोटो आणि खाली सूड घ्यायची हाक. कुठल्या धर्माची, ते विचारू नका, अशी पानं सगळ्यांचीच निघत होती.

"हे कोण लोक रे?"

"आपली माणसं आहेत, काका. तुम्हाला नाही कळणार."

"अरे, यांना पाहिलंयस तरी का कधी?"

तो उठून गेला... दुसऱ्या दिवशी आम्ही चौकीत गेलो. हवालदार म्हणाले, "हे छापतात कुठे? तिथल्या ठाण्याला कळवतो."

"छापत नाहीत हो कुठेच!"

संध्याकाळी पुरावा म्हणून हवालदार नुसता मॉनिटर उचलून घेऊन गेले. ज्यात सगळं होतं तो खालचा डबा तिथेच राहिला. आम्ही हसलो. भावोजी हसले नाहीत. मुलगा तोवर घर सोडून गेला होता.

त्यांनी सगळे पडदे काढले, मॉनिटर दाराकडे वळवले. गिऱ्हाईक आटलं, कॅफे बंद झाला. एक कॉम्प्युटर घरी आणला, तोही खोलीच्या मधोमध, दारातून दिसेल असा. रोज त्या मुलाला मेल लिहायचे, 'आई बरी आहे. ये.' उत्तर कधीच आलं नाही. मी एकदा म्हटलं, "भावोजी, कशाला रोज नेट लावून फोनचं बिल वाढवता?"

"ते लोक याच वाटेने शिरले ना त्याच्याकडे... मला दुसरी वाट माहीत नाही."

गेल्या आठवड्यात मी ते टेबल भिंतीला लावायला घेतलं, येताजाता पाय अडखळतो. जाऊबाईंनी कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. म्हणाल्या, "राहू दे गं तिथेच. मेल बघता येतो ना तुला?"

पासवर्ड भावोजींनी मॉनिटरवरच चिकटवून ठेवला होता. बघितलं. काही नव्हतं. जाऊबाई दारात उभ्या होत्या.

"मग लिही," त्या म्हणाल्या. "काका गेले ते नको लिहूस. आई बरी आहे, ये... एवढंच."