वन्संचा खोलगट वाफा

चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं माझ्या हातात, दोन वन्संच्या. तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांनी आपली टोकं सोडली. नव्या बाजारातल्या न्हाव्याच्या दुकानात पुन्हा पाणी शिरलं होतं.

आमच्या वन्सं बांधकामावरच्या इंजिनिअर. लग्नाचा विषय काढला की त्या गटाराचा काढतात. जुना बाजार पाडून नवा बांधला, तेव्हा जिकडेतिकडे फरशी झाली, पाणी मुरायला जागा उरेना. म्हणून कंत्राटदाराशी भांडभांडून त्यांनी दुकानांपुढे रस्त्यापेक्षा खोल असा लांबलचक वाफा ठेवला. छपरांचं, पार्किंगचं पाणी त्यात उतरायचं आणि तळच्या खडीतून जमिनीत जिरायचं.

मग वन्सं तापाने पडल्या. तेवढ्यात दुकानदारांनी तो वाफा मातीने काठोकाठ भरला, फुलझाडं लावली, भोवती कठडा बांधला. त्यांचे पुढारी, घड्याळांचं दुकान असलेले घड्याळवाले, कौतुकाने म्हणाले, "ताई, तुमचं अर्धवट राहिलेलं काम आम्ही पुरं केलं." आता रागवायचं तरी कुणावर? प्रेमानेच वरवंटा फिरवलेला.

तेव्हापासून पाणी कठड्याला अडतं आणि उताराच्या टोकाला न्हाव्याकडे जातं. शिव्या मात्र वन्संना.

आज मीही सोबत गेले. न्हावी बादलीने पाणी उपसत होता. वन्संनी कठडा फोडून माती उपसायची म्हणताच घड्याळवाल्यांचं तोंड उतरलं. झाडं आत्ता कुठे जीव धरताहेत, त्यापेक्षा न्हाव्यानेच उंबरठा वाढवावा, असं त्यांचं म्हणणं.

"त्याने वाढवला की पाणी शेजारच्या दुकानात जाईल," वन्सं म्हणाल्या. "मग तो वाढवेल. असं करत करत तुमच्या दारात येईल."

न्हावी आतूनच म्हणाला, "माझ्याकडे लोक दाढीला येतात हो, आंघोळीला नाही. आणखी एकदा शिरलं तर मी दुकान सोडतो."

घड्याळवाले म्हणाले, दुकानदारांची बैठक होऊ द्या, मग बघू.

परतताना मी देवाचं नाव घेत होते, वन्सं घड्याळवाल्यांचं. "थोडा धीर धरा," म्हटलं, तर माझ्यावरच उखडल्या. "वहिनी, पाऊस बैठकीसाठी थांबतो का?"

याचं उत्तर देवाकडे असेल; त्याने अजून सांगितलेलं नाही. आभाळ अजून गच्च आहे आणि न्हाव्याने आरसे उतरवून ठेवलेत. दुकानं सुरू झाली तरी बाजाराचा रीतसर ताबा अजून दिलेला नाही, तोवर वन्संचा शब्द चालतो. सकाळी त्या गवंड्याला आणायला जाणार आहेत, कठडा फोडायला.