पौर्णिमेची उभी रेघ

लेकीच्या जर्नलमध्ये मॅडमनी लाल शाईत शेरा मारला होता: 'घरगुती समजूत. हे फंक्शन नाही.' खाली सहीची जागा कोरी. आणि जर्नलवर सही नसेल तर कॅल्क्युलसच्या परीक्षेला बसू देत नाहीत. माझं डोकंच तापलं.

समजूत? आमच्या शिरगावात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असली तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. माझे मामा जन्मभर याच हिशेबावर खाडीत जाळं टाकत आले. घरातलंच एखादं फंक्शन शोधून त्याचा आलेख काढा, असं सांगितलं कुणी? मॅडमनीच! पुस्तकातला हवेत फेकलेला चेंडू यांना चालतो, आमचा समुद्र चालत नाही.

"तुमी कॉलेजात जाऊन भांडू नका," बायको म्हणाली. "बारावीला गणितात तुमाला किती होते, मला ठाव हाय."

दुसऱ्या दिवशी तारापूरच्या कारखान्यात अर्धी रजा टाकली आणि लेकीला घेऊन पालघरच्या कॉलेजात धडकलो. मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. मी मामांपासून सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आलेखावर बोट ठेवलं. ठिपके प्रतिपदेपासून चढत पौर्णिमेला सव्वाअकरावर पोचले होते. पुढं पुन्हा प्रतिपदा, म्हणून तिथून एक उभी रेघ सरळ तळाला उतरली होती.

"काका, पौर्णिमेला भरती किती वाजता?"

"सव्वाअकरा."

"या रेघेवर तर दहा आहेत, सात आहेत, तीनसुद्धा आहेत. पौर्णिमेला दिवसभर भरतीच का? एका तिथीला एकच वेळ आली, तर ते फंक्शन."

लेक खाली बघत होती. रेघ माझी होती. तिनं नुसते ठिपके काढले होते. तुटका आलेख बरा दिसत नाही म्हणून, ती "बाबा, नको" म्हणत असताना, मीच पट्टी लावून ओढली होती.

"मॅडम, खोडू?" तिनं विचारलं आणि खोडलीसुद्धा. मग म्हणाली, "आज षष्ठी. साडेचारला भरती."

मॅडमनी मोबाइलवर आजच्या भरतीची वेळ पाहिली. चार पस्तीस. त्यांनी सही केली.

"आणि तो शेरा?" मी म्हटलं. "रेघ माझी चुकली, कबूल. हिशेब मामांचा होता, तो बरोबर आला. समजूत या शब्दावर काट मारा."

"आता सही झाली ना, काका," म्हणत त्यांनी जर्नल मिटलं.

म्हणजे माझी चूक सगळ्यांसमोर खोडायची आणि यांची तशीच ठेवायची! बाहेर आल्यावर मी पुन्हा आत निघालो, तर लेकीनं वाट अडवली.

"परीक्षेला मी बसणार हाय, बाबा. तुमी गाडीवर बसा."

बसलो. शिरगाव येईपर्यंत बडबडत होतो.