रिलीव्ह करायला आलेले काका

दमलेल्या माणसाला दमलेलं राहू द्यायचं नाही, असा विडा उचललेला आमच्या शेजारच्या डॉक्टरकाकांसारखा माणूस लंडनजवळच्या अख्ख्या वॉटफर्डमध्ये नव्हता. मूळचे नागपूरचे, इथल्या हॉस्पिटलांत जन्म काढून रिटायर झालेले. आम्ही पुण्याहून नवे आलेलो, कॉलिंग कार्ड खरवडून घरी फोन करायचे ते दिवस. लेक दीड महिन्याची असताना एका दुपारी बेल वाजली. दारात काका, हात पाठीमागे बांधून. म्हणाले, "रिलीव्ह करायला आलोय."

मला हा शब्द माहीत होता तो नोकरी सोडताना मिळणाऱ्या रिलीव्हिंग लेटरपुरता आणि बामाच्या डबीवरच्या पेन रिलीफपुरता. काकांना हे अर्थ अगदीच किरकोळ वाटत. "अगं, ओझं हलकं करणं वगैरे डिक्शनरीत ठीक आहे. खरा अर्थ वॉर्डात कळतो. दुसरा येऊन म्हणतो, मी आलोय, तू जा. तो येईपर्यंत हलायचं नाही आणि तो आल्यावर थांबायचं नाही!" पण आधी हँडओव्हर, म्हणजे काय झालंय नि काय राहिलंय त्याचा हिशेब, द्यावा लागे. मी अर्धवट झोपेत दूध, लंगोट, सगळं सांगून जिना चढू लागले, तर खालून आवाज आला, "आणि ढेकर? इनकम्प्लीट हँडओव्हर!" मुकाट्याने परत खाली आले. एका गणेशोत्सवात तर त्यांनी पुरणपोळ्या लाटणाऱ्या बाईंच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "मॅडम, यू आर रिलीव्ह्ड." पुढच्या वीस पोळ्यांना कुठलाच आकार नव्हता. सगळ्यांनी निमूटपणे खाल्ल्या.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. त्या हॉस्पिटलातून घरी आल्या आणि काकांनी दार फक्त वीतभर उघडायला सुरुवात केली. कुणीही गेलं की, "ऑल अंडर कंट्रोल, बाप्पा." शर्टाची बटणं मात्र वरखाली लागलेली. तीन आठवडे हा माणूस धड झोपला नव्हता. मला त्यांचा रागही आला आणि काळजीही वाटली. शेवटी एका दुपारी मी हात पाठीमागे बांधून त्यांच्या दारात उभी राहिले.

"काका, रिलीव्ह करायला आलेय. हँडओव्हर द्या."

वीतभर दार पूर्ण उघडलं. स्वतःचा नियम मोडणं त्यांना जमेना. "तिच्या डाव्या बाजूला बसू नकोस, तिकडचं तिला दिसत नाही. चहा कोमट दे. पेपर वाच, पण वाईट बातम्या गाळ. आणि..." त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. "'बरं आहे' म्हणाली ना, की दुखतंय असं समज."

कोट चढवून ते फिरायला निघाले. मी वर काकूंजवळ बसले. थोड्या वेळाने चहासाठी खाली आले, तर शेवटच्या पायरीवर काका कोटाबुटांसकट भिंतीला टेकून गाढ झोपलेले.

"गेले का गं?" काकूंनी वरून सावकाश विचारलं.

"हो काकू, गेले."

"मग घोरतंय कोण?" त्या म्हणाल्या, "चष्मा काढून ठेव त्यांचा. पडेल."

मी हळूच काढून ठेवला. आज ते दोघंही नाहीत. पण फार दमले की माझे कान अजून त्या बेलकडे लागतात.