गाडीचा चातुर्मास

अंबडमध्ये भुजंगराव उढाणांना ड्रायव्हर म्हणून सारेच ओळखत. त्यांच्या आयुष्याची खरी तपश्चर्या मात्र गाडी चालवण्यापेक्षा उभ्या गाडीत प्राण टिकवून ठेवण्याची होती, हे फार थोड्यांना ठाऊक होते. आणि ती तपश्चर्या भंगली कशी, हे तर त्याहून थोड्यांना.

सन १९८१ मध्ये डॉ. शरदचंद्र टाकळीकरांनी आपला चालता दवाखाना मागे ठेवून फिरता दवाखाना आरंभिला. एका मॅटाडोरच्या पाठीवर त्यांनी छोटेखानी घरच रचून घेतले. निजण्यापुरते बाक, स्टोव्हचा ओटा, रोगी तपासण्याचा प्रखर दिवा आणि लसी थंड राखणारा लहानसा फ्रिज. वडिलार्जित शेत धाकट्या भावाच्या हवाली करून भुजंगराव त्या गाडीच्या चाकाशी बसले, ते कायमचे. गोदाकाठापर्यंतच्या गावांतून डॉक्टर आणि ड्रायव्हर आठ-आठ दिवस त्या घरात राहत. एकाने औषध द्यावे, दुसऱ्याने भाकरी थापावी. डॉक्टर विनोदाने म्हणत, ‘‘भुजंगा, तुझ्या भाकरीचा गुण माझ्या गोळीआधी येतो.’’

आषाढ लागला की काळ्या मातीचे रस्ते चाक सोडीनासे होत. मग दसऱ्यापर्यंत गाडी दवाखान्याच्या अंगणात उभी राही. ‘‘यती चार महिने एका स्थानी राहतो ना, तसा हा आपल्या गाडीचा चातुर्मास,’’ असे डॉक्टर म्हणत. परंतु यतीला उपवास मानवतो, बॅटरीला मानवत नाही. उभ्या गाडीची बॅटरी बसल्या जागी उतरते. आरंभीची काही वर्षे दसऱ्याला गाडी काढावी तर पुढची बॅटरी मुकी आणि मागची मृत. पुढे डॉक्टरांच्या एका स्नेह्याने पुण्याहून सोलर पॅनेल पाठविले. ते टपावर चढले आणि गाडी चातुर्मासातही ऊन पिऊन तृप्त राहू लागली.

गावाला ही गोष्ट थट्टेची वाटली. पारावरून कोणी हाक मारी, ‘‘काय भुजंगा, गाडीला ऊन चारून राह्यला का? दुपारचं वरणभात बी घाल की!’’

‘‘ती उभी राहून खाती, तू बसून खातो,’’ भुजंगराव उत्तर देत. ‘‘तिचं खाल्लेलं कामाला तरी येतं.’’

सकाळी स्नान झाले की अन्नाला हात लावण्यापूर्वी ते शिडीने टपावर चढत, पॅनेलवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण ओल्या फडक्याने निपटून काढत, मग बॅटऱ्यांतले पाणी पाहत. त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंची जीभ धारदार. ‘‘देव्हाऱ्यातल्या देवाला दोन दिस झाले फूल न्हाई, आन गाडीच्या टपाला रोज आंघोळ! पुढच्या जन्मी मॅटाडोरच कर म्हणावं मला.’’ भुजंगराव हसत आणि फडके पिळत.

या दोन बॅटऱ्यांविषयी डॉक्टरांनी एक दंडक घालून दिला होता. पुढची बॅटरी इंजिनाची, मागची आजाऱ्यांची, म्हणजे तपासणीच्या दिव्याची आणि फ्रिजची. मागच्या बॅटरीतला थेंबभरही प्राण दुसऱ्या कामी लावायचा नाही. एकदा गणपतीच्या आरासीसाठी मंडळाची मुले तार घेऊन आली, तेव्हा भुजंगरावांनी त्यांना अंगणाबाहेर काढले होते. ‘‘गणपती आजारी पडला तर आणा त्याला,’’ ते म्हणाले.

१९९७ च्या मार्गशीर्षात डॉक्टर गेले. त्यांच्या पत्नी अरुंधतीबाईंनी दवाखान्याच्या खोलीत, डॉक्टरांच्या तसबिरीपुढे, वर्षश्राद्धापर्यंत अखंड दिवा ठेवण्याचा संकल्प केला. बाईंची कन्या परदेशी, घरात दुसरे कोणी नाही, गुडघे धरलेले. तेल घालण्यास उठताना चैत्रात त्या पडल्या, तेव्हा समईच्या जागी पणतीएवढा विजेचा दिवा आला. पण वीज केव्हा जाईल याचा नेम नव्हता. पहिल्यांदा ती गेली त्या दुपारी बाई तसबिरीपुढे बसून लहान मुलीसारख्या रडल्या.

दारात उभ्या भुजंगरावांना ते पाहवले नाही. ‘‘बाई, रडू नका. गाडीच्या मागच्या बॅटरीवरून तार आणतो. तो दिवा काय, बोटाएवढा. सूर्यनारायण भरून काढील बराबर.’’

दंडक त्यांना आठवला नाही असे नव्हे. ज्यांनी दंडक घातला त्यांच्याच स्मृतीसाठी तो मोडतो आहोत, तेव्हा दोष कसला, असे त्यांच्या भाबड्या श्रद्धेने त्यांना समजाविले. श्रद्धेचे हेच दुर्दैव. ती मनुष्याला आज्ञेहून आज्ञा करणाऱ्याच्या तसबिरीकडे अधिक वळविते.

ज्येष्ठात फिरता दवाखाना चालविणाऱ्या संस्थेचे नवे अध्यक्ष गजाननराव एक वार्ता घेऊन आले. जालन्याच्या एका रुग्णालयाने गाडीसाठी तरुण डॉक्टर देण्याचे मान्य केले होते. ‘‘दसरा झाला की ते पाहायला येतील. परतूरच्या एका संस्थेचीही अशीच गाडी आहे. डॉक्टर एकच. जिची गाडी सर्व अंगांनी तयार, तिला तो मिळणार. आपली राहिली, तर मग ती भंगारात. कळलं?’’

‘‘तुम्ही बिलकुल घोर करू नका, साहेब,’’ भुजंगराव म्हणाले. त्या दिवसापासून ते द्वारकाबाईंशीही गाडीखेरीज दुसरे बोलेनात. गाडी पुन्हा गावोगाव निघावी, एवढीच एक इच्छा त्यांच्या देहात उरली.

श्रावण मात्र त्या वर्षी झाकोळलेला निघाला. सूर्याचे दर्शन दुर्मिळ झाले. दिवा अहोरात्र पीत होता आणि पॅनेलला पाजायला काही नव्हते. इंजिन चालवून बॅटरी भरावी, तर संस्थेने दसऱ्यापर्यंत डिझेल बंद ठेवलेले. बॅटरी काढून बाजारात चार्जिंगला लावावी, तर तेवढ्यात वीज जाऊन दिवा विझण्याचे भय. पुढच्या बॅटरीला हात लावण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. एक दंडक मोडला होता, दुसरा मोडवेना.

‘‘बाईला सांगा ना मंग,’’ द्वारकाबाई म्हणाल्या. ‘‘तोंड काय गहाण टाकलं का?’’

ते सांगायला गेले. बाई हात जोडून, डोळे मिटून दिव्यासमोर बसल्या होत्या. पाऊल वाजले तसे त्यांनी न वळताच विचारले, ‘‘भुजंग का रे? ये. हा जळतो आहे ना, तोवर ते गावाला गेलेत आणि येतील, असंच वाटतं बघ मला.’’

भुजंगरावांनी उंबऱ्यावरूनच तारेकडे पाहिले. ‘‘तार बराबर हाये का, बघायला आल्तो,’’ म्हणाले, आणि परतले. आश्विनातले कडक ऊन सगळे भरून काढील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

ऊन आले, कडकही आले. पण दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेली बॅटरी आतून दगडासारखी होते. मग तिला कितीही पाजले तरी ती घेत नाही. एवढ्याशा दिव्यापुरता जीव तिच्यात उरला होता, फ्रिजपुरता नव्हता.

दसऱ्यानंतर जालन्याची मंडळी आली. भुजंगरावांनी सेल्फ मारला आणि पहिल्याच फटक्यात इंजिन गर्जले. गजाननरावांनी त्यांच्या पाठीवर थाप दिली. मग सगळे मागच्या दाराने आत चढले. तपासणीचा दिवा लावला, तो लाल होऊन मावळला. फ्रिजने एक उसासा टाकला, आणि तो गप्प झाला.

‘‘अहो, बटण नीट दाबा,’’ गजाननराव कुजबुजले.

‘‘दाबलंय, साहेब.’’

पाहुण्यांतला तरुण डॉक्टर सौजन्यशील होता. ‘‘ड्रायव्हरकाका, ही बॅटरी दुसऱ्या कशाला लावली होती का?’’ त्याने विचारले.

दवाखान्याच्या खिडकीतला तो इवलासा दिवा गाडीतून स्पष्ट दिसत होता. भुजंगराव त्याच्याकडे पाहत म्हणाले, ‘‘न्हाई साहेब. वय झालं तिचं.’’

मंडळी त्याच दिवशी परतूरला गेली आणि डॉक्टर तिकडेच राहिला. दिवाळी सरल्यावर ट्रकने ओढत मॅटाडोर जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांकडे नेली. पॅनेल आणि मागची बॅटरी तेवढी भुजंगरावांनी दिव्यासाठी काढून घेतली होती. गाडी गेली तेव्हा द्वारकाबाईंनीही त्यांना टोमणा मारला नाही. तेच त्यांना अधिक लागले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी संस्थेने दवाखान्याच्या खोलीत सभा बोलावली. अखंड दिवा वर्षश्राद्धापर्यंत तेवत ठेवल्याबद्दल भुजंगराव उढाण यांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार होणार होता. गजाननरावांनी निष्ठेवर सुंदर भाषण केले. कोणी कृतकृत्य म्हटले, कोणी सेवाव्रती म्हटले. शाल खांद्यावर पडली आणि त्यांना दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला.

भुजंगराव उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेबांनी सांगितल्तं, ही बॅटरी आजाऱ्यांची. म्या ती दिव्याला लावली. दिवा जगला, गाडी मेली. शाल कशाची देऊन राह्यलेत, मला न्हाई कळत.’’

कोणीतरी ‘‘बसा, बसा,’’ म्हणाले. अरुंधतीबाई भिंतीला धरून उठल्या.

‘‘बॅटरी उतरत होती, हे मला का नाही सांगितलंस, भुजंग?’’

‘‘आल्तो सांगायला, बाई. तुम्ही हात जोडून बसल्या होत्या.’’

‘‘हात सोडले असते मी! त्यांच्या गाडीपेक्षा हा दिवा मोठा होता का रे मला? तुला तसं वाटलं?’’

‘होय’ म्हणावे तर बाईंचा अपमान होता, ‘नाही’ म्हणावे तर स्वतःच्या इतक्या महिन्यांचा. भुजंगराव मान खाली घालून शालीची घडी करू लागले.

बाईंनी बॅटरीची तार हाताने उपटली. टळटळीत दुपार होती. दारे-खिडक्या उघड्या होत्या. दिवा विझल्याचे मागे बसलेल्यांच्या ध्यानातही आले नाही, आणि गजाननरावांनी पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले.