मामाने वर उचलून ठेवलेली अंडी

माझा मामा धामणगाव बढेला शेती करतो, आणि मला अजून त्याचा राग येतो.

मे महिन्यात धरण आटलं की मधोमध मुरमाचं बेट उघडं पडतं. टिटव्या तिथे अंडी घालतात. त्यांना हात लावू नका, असं पत्रक मीच लिहून गावोगाव वाटलेलं. मामाला म्हटलं, चला, डोळ्यांनी बघा. मासेमार काकांच्या डोंग्यातून गेलो. पाण्याकाठच्या साध्या खळग्यात चार अंडी, खड्यांत खडे. मामाला ती दाखवली आणि काकांसोबत बेटाच्या दुसऱ्या टोकाला सुरय पक्षी पाहायला चालत गेलो. "माहे पाय दुखून राह्यले, तुमी जा," मामा म्हणाला.

परत आलो तर टिटवी डोक्यावर नुसती किंचाळत होती. मामा खूश.

"टेकाडावर ठेवले बे. टिटवीनं अंडे खाली घातले का पाऊस कमी, वर घातले का भरपूर. आता पाह्य पाऊस!"

"अहो, तिनं स्वतःहून वर घातली तर! पत्रक वाचलं होतं ना?"

"वाचलं ना. त्यात पावसाचं कुठी लिहेल हाय?"

तापलेल्या दगडावर चार अंडी ओळीनं मांडलेली. पूजेच्या सुपाऱ्यांसारखी! हाताला गरम लागली. कायदा, अडाणीपणा, सगळं ओरडून झालं. पण खळगा कुठे? मामाला आठवेना. अर्ध्या तासापूर्वी बोट दाखवणाऱ्या मलाही सापडेना.

"भाषण बंद कर अन् डोंग्यात बस," काका म्हणाले. "टिटवीच दाखवन जागा."

डोंगा लांब नेला. अंडी माझ्या टोपीत, वर माझी सावली. टिटवी उतरली. आधी पाण्यात पोट भिजवलं; उन्हात अंडी गार राहावीत म्हणून त्या असं करतात. मग चालत गेली आणि रिकाम्या खळग्यावर ओलं पोट टेकवून बसली.

मी मामाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पाण्यात ढकललं असतं.

काकांनी त्या जागेवरची नजर हलवली नाही. डोंगा परत बेटाला लावून ते सांगत गेले तसा मी गेलो, आणि स्वतःच्याच पत्रकाविरुद्ध, स्वतःच्या हातानं, टोकं आत करून चारही अंडी ठेवली. डोंगा पुन्हा लांब नेला. बराच वेळ ती आलीच नाही. मग आली, पुन्हा भिजून, आणि बसली.

"म्हंजे पाऊस कमीच म्हन की," मामा म्हणाला.

 चारांतली किती अजून जिवंत होती, ते त्यांच्यावर बसलेल्या टिटवीलाही ठाऊक नव्हतं.